पीठ न पाडणारी पेटी

आमच्या घराण्यात प्रतिभेचा उगम कधी झाला याबद्दल दोन मतं आहेत. माझ्या मते तो माझ्यापासून झाला. घरातल्या बाकी सर्वांच्या मते तो अजून व्हायचाच आहे. पण 1979 सालच्या दिवाळीत माझा मावसभाऊ दुबईहून टू-इन-वन घेऊन आला, आणि तो उगम निदान सहा-आठ महिने तरी दिसू लागला होता, एवढं माझ्या शत्रूंनीही मान्य करावं.

टू-इन-वन म्हणजे एका अंगानं रेडिओ आणि दुसऱ्या अंगानं टेपरेकॉर्डर. आजच्या मुलांना यात विशेष वाटायचं नाही. त्यांच्या खिशातल्या यंत्रात टू नव्हे, टूशे-इन-वन असतं आणि ते ती संडासातही नेतात. आम्ही त्या टू-इन-वनला हळदकुंकू वाहिलं. आईनं क्रोशाचं झाकण विणलं. नाना पोस्टात होते. त्या काळी रेडिओचं लायसन पोस्टातून काढावं लागे, त्यामुळे "आधीच्या रेडिओचं आहे, पण या दुसऱ्या अंगाचं काय?" या विवंचनेत त्यांचे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांना मायक्रोफोनपुढे बसवलं. ते रजिस्टर पत्राचा पत्ता वाचावा तसे सावकाश बोलले. मग टेप मागे फिरवून त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला, तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

स्वतःचा आवाज ऐकून प्रत्येक माणूस एकदा असाच दचकतो. 1902 साली कलकत्त्यात गौहरजाननं भोंग्यापुढे गाऊन शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. का, तर तबकड्या निघायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावं म्हणून. पण मला राहून राहून वाटतं, तिलाही एकदा खात्री करून घ्यायची असेल. त्या तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. रात्र रात्र चालणारा राग तीन मिनिटांत बसवायचा! मोठमोठ्या बुवांनी ही जागा नाकारली, आणि ज्यांनी घेतली त्यांनी ओळ लिहिण्याऐवजी तार करावी तसं गाणं केलं. पुढे गाणं म्हणजे साडेतीन मिनिटं, हे आपल्या अंगवळणीच पडलं. यंत्र असं हळूच आपल्याला स्वतःच्या मापात कापतं आणि आपण म्हणतो, काय फिट्ट बसलंय!

रेडिओनंही तेच केलं. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. मराठी माणूस, त्यामुळे लोकांचं भलं त्यांना न विचारता करायची हौस दांडगी. आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना ओहोटी लागली आणि अख्खा देश बुधवारी रात्री अमीन सायानींची गीतमाला ऐकायला सिलोनला जाऊ लागला. 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली तेव्हा कुठे मंडळी परत आली. पण त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं 1955 च्या रामनवमीला गीतरामायण सुरू केलं. दर आठवड्याला एक गाणं हवं म्हणजे हवं. माडगूळकरांना शब्द देणं भाग आणि फडक्यांना चाल देणं भाग. आठवड्याचा तो तगादा नसता, तर छप्पन्न गाणी झाली असती का, याची मला शंका आहे. आमच्या आईचं म्हणणं एवढंच, की त्या वेळी घरात कुणी पाणी मागितलं तरी मिळत नसे.

पण मी सांगत होतो माझ्या प्रतिभेबद्दल. (हे वाक्य मी कुटुंबात उच्चारलं की लोकांना एकदम कामं आठवतात.)

मी श्रुतिका लिहीत असे. ऐतिहासिक. जिथे जिथे पाठवल्या तिथून त्या इतक्या नियमितपणे साभार परत येत की नानांना पोस्टखात्याच्या कार्यक्षमतेचा अभिमान वाटे. आता घरातच यंत्र आल्यावर मला कुणाच्या संमतीची गरज उरली नाही. ही त्या कॅसेटची खरी करामत. 1963 साली फिलिप्स कंपनीनं ती बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. लू ओटेन्स नावाच्या इंजिनिअरनं, म्हणे, आधी खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा केला होता आणि सांगितलं होतं की यंत्र एवढंच झालं पाहिजे. तो ऐतिहासिक ठोकळा पुढे त्यानं स्वतःच मोटारीचं चाक बदलताना जॅकखाली घातला आणि गमावला. माणूस थोर असला म्हणजे वस्तू नीट ठेवतो असं नाही. ही गोष्ट मी पुढे बऱ्याचदा स्वतःच्या समाधानासाठी वापरली आहे.

कॅसेट आली आणि तबकडी कंपनीच्या दारात वर्षानुवर्षं ज्यांना कुणी उभं केलं नसतं, ते लोक गाऊ लागले. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज एस.टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर, जत्रेत, जयंतीला, सगळीकडे. भीमगीतं, भारुडं, अहिराणी गाणी, गोव्याकडची तियात्रं. ज्याच्याकडे चार पैसे आणि एक गळा आहे त्याची कॅसेट. मग माझ्यासारख्या, गळाही नसलेल्या माणसानं का मागे राहावं?

आता मूळ कथा. 1980 च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न निघालं आणि साताऱ्याकडून आक्काआत्या आली. नानांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली, पुढची चाळीस वर्षं दिराच्या घरी राबलेली. बोलणं अगदी बेतास बात. पण नाना सांगत, "आक्का पहाटे जात्यावर बसली की सबंध आळी जागी व्हायची. आणि पाठ केलेलं नव्हे, स्वतःचं."

मी ताबडतोब टू-इन-वन तिच्यापुढे ठेवला. कोरी सी-60 घातली. म्हटलं, "आत्या, म्हण."

आत्या गप्प. यंत्राकडे बघते आहे, माझ्याकडे बघते आहे.

"अगं म्हण ना, फीत फिरतेय!"

"आरं, जातं कुठाय?"

"जातं कशाला? तुला नुसतं म्हणायचंय."

"नुस्तं कसं म्हणायचं, बाबा? हात रिकामं असल्यावर तोंड उघडत न्हाई."

जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण मी शाळेत निबंधात दोनदा वापरली होती आणि दोन्ही वेळा मार्क मिळाले होते. ती शब्दशः खरी असेल अशी कल्पना नव्हती. मला ती मार्क मिळवण्यासाठीच केलेली वाटत होती.

जातं होतं. जिन्याखाली पालथं पडलेलं, लग्नातली हळद दळण्यापुरतं वर्षा-दोन वर्षांनी बाहेर निघणारं. त्या संध्याकाळी ते धुतलं, सुतळीत आंब्याची पानं बांधली, सवाष्णी जमल्या, हसतखिदळत मूठमूठ हळद दळली. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिला कुणी बोलावलं नाही, ती आली नाही, आणि यात काही चुकतंय असं त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. मलाही नाही, मी वायर कुठून न्यावी या विचारात होतो.

रात्री अकराला सगळे निजल्यावर आत्या म्हणाली, "आन तुझी पेटी." तिनं जात्याचा खुंटा धरला, पदर खोचला, परातभर गहू शेजारी घेतले आणि दोन फेरे नुसतेच मारले. टाकी लावून किती दिवस झालेत हे तिनं आवाजावरून ओळखलं आणि आमच्या संसाराबद्दल तिचं काय मत झालं ते चेहऱ्यावर दिसलं. मग ती गाऊ लागली. पहिली ओळ म्हणायची, थांबायची, मूठ टाकायची. दाणे चिरडायला लागून जात्याचा आवाज जड झाला की दुसरी ओळ. मधली ती मूठ म्हणजे तिचं सुचणं होतं. भाऊ होता, माहेरची वाट होती, न बघितलेल्या पंढरीची होती, आणि चार-सहा ओव्या अशा होत्या की ज्यांतल्या माणसाचं नाव तिनं चाळीस वर्षांत घेतलं नव्हतं. मी बाविशीतला, माझं लक्ष लाल दिव्यावर. शेवटाकडे ती मला बघून हसली आणि यंत्रावरच एक ओवी केली. शब्द आज मला येत नाहीत, पण भाव असा होता : माझ्या भाच्यानं पेटी आणली, ती सारं ऐकून घेते, पण मेली पीठ काही पाडत नाही.

दुसऱ्या दिवशी कॅसेटच्या डबीवर मी पेन्सिलीनं 'आत्या' लिहिलं. शिवाय कॅसेटच्या पाठीवरची ती चिमुकली टिकली मोडून टाकली, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी वर दुसरं काही भरू नये. ही खबरदारी घेणारा मीच, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

मी आत्याला म्हणालो, "गिरण्या आल्या आणि ओव्या गेल्या, वाईट झालं नाही?" त्या वयात अशी वाक्यं फार सुचतात. आत्या म्हणाली, "वाईट? तीन वाजल्यापास्नं उठून दळून बघ येक डाव. गिरणीवाल्याचं कल्याण हुईल." त्यानंतर मी या विषयावर लेख लिहिण्याचा बेत सोडला.

1981 च्या जानेवारीत माझी 'तटावरची मशाल' ही श्रुतिका ध्वनिमुद्रणाला उभी राहिली. नाना किल्लेदार. घोड्यासाठी नारळाच्या दोन करवंट्या, पावसासाठी सुपात तांदूळ, आगीसाठी मिठाईच्या पुड्याचा चुरचुरीत कागद. शेजारच्या खोलीतले तिघं मावळे आले होते, त्यांतल्या एकाची दुपारी तीनची पाळी होती. आणि ऐन वेळी आमच्या यंत्रानं कोरी कॅसेट खाल्ली. शेवयांसारखी फीत बाहेर. रविवार, दुकानं बंद. मावळे चहा पिऊन ताटकळलेले.

मी आतल्या खोलीत गेलो. 'आत्या'ची डबी उघडली. मोडलेल्या टिकलीच्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा लावला की यंत्र फसतं, हे मला ठाऊक होतं. मनात म्हटलं, आत्या काय, दिवाळीत येईल तेव्हा पुन्हा म्हणेल. जातं कुठे जातंय?

तो तुकडा लावायला मला पाच सेकंदंही लागली नाहीत.

श्रुतिका झकास झाली. सतराव्या शतकात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, किल्लेदारानं प्राण सोडताना "ठिकाण नीट लिहा" अशा सुरात स्वामिनिष्ठा व्यक्त केली, एवढं सोडल्यास दोष नव्हता. मी ती चाळीतल्या सर्वांना ऐकवली. काहींना दोनदा. मग लोक मला टाळू लागले, आणि कॅसेट यंत्रातच पडून राहिली.

आत्या दिवाळीला आली नाही. पुढच्याही नाही. 1984 च्या पावसाळ्यात तार आली. तेरावा उरकून नाना साताऱ्याहून परतले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आक्काची टेप लाव रे."

मी डबी काढली. हात कापत होते. किल्लेदाराला आता काय सांगून गप्प करावं? बटण दाबलं, आणि यंत्रातून डिस्को सुरू झाला!

झालं होतं असं. 1980 मध्ये 'कुर्बानी' आला आणि नाझिया हसन नावाच्या, लंडनला राहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीनं आमच्या धाकट्या भावाची, आप्पाची, झोप उडवली. पुढच्याच वर्षी 'डिस्को दीवाने' आली. आप्पानं मी कचेरीत असताना मित्राचं यंत्र आणून आमच्या यंत्राच्या तोंडाला तोंड लावून ठेवलं आणि आत जी कॅसेट होती तिच्यावर उतरवून घेतलं. मागाहून कुणीतरी ती रिकाम्या डबीत घातली. त्या डबीवर लिहिलं होतं, 'आत्या'.

नाना काही बोलले नाहीत. "बंद कर," एवढंच म्हणाले. आईनं आप्पाकडे पाहिलं. मीही पाहिलं. आप्पा एकोणीस वर्षांचा, तो रडायला लागला. मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. पण आपली श्रुतिका गेली हेही मला त्याच क्षणी कळत होतं आणि त्याचं दुःख करायचीही चोरी होती! एका हातानं आत्या पुसली आणि दुसऱ्यानं किल्लेदार पुसला गेला. पैकी दुसरा हात माझा नव्हता, तेवढ्या आधारावर मी पुढची एकोणचाळीस वर्षं काढली. घरात काही हरवलं, बिघडलं, की आई म्हणे, "आप्पाला विचारा, त्यानं आत्या पुसली होती." नाना गेले, आई गेली. मी बोललो नाही.

मध्यंतरी कळलं, की हेमा राईरकर आणि गी पोआतवँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, बर्नार्ड बेल यांनी कित्येक तास ध्वनिमुद्रण केलं, आणि 2017 पासून त्या इंटरनेटवर ऐकायला मिळू लागल्या. बाईचं नाव, गाव, सगळं नोंदलेलं. मी रात्री एकटा बसून शोधलं. आमची आत्या तिथे असण्याचं कारण नव्हतं. तरी सातारा जिल्हा आला की छाती धडधडे. लाखात तीसेक कमी, त्याची नोंद माझ्या नावावर.

2023 च्या गणपतीत माळ्यावरची ट्रंक निघाली. नातवानं कॅसेट हातात धरून विचारलं, "आजोबा, हे काय उघडतं?" मी सहा कोनी पेन्सिल भोकात घालून फीत ताणून दाखवली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला इंजिनिअर वाटलो. त्यानं कुठूनसं जुनं यंत्र आणलं, ते लॅपटॉपला जोडलं आणि पडद्यावर आवाजाच्या हिरव्या टेकड्या उमटू लागल्या. आप्पा आरतीला आला होता. साठीच्या घरातला माणूस, पण डिस्को सुरू होताच खाली मान घातली.

बावीस मिनिटं नाझिया. मग आईचा आवाज, "मेलं, बंद करा ते!" आणि खट्. मी उठायच्या बेतात होतो. एवढ्यात कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ नाना, अगदी सावकाश, किल्लेदार म्हणून मरू लागले.

आप्पानं मान वर केली. आधी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोस्टमास्तरच्या हिशेबीपणानं त्यानं एकेक थर मोजला असणार.

"दादा," तो म्हणाला, "म्हणजे मी किल्लेदार मारला. आत्या नाही."

"हो."

"एकोणचाळीस वर्षं!"

मी काय बोलणार? तो उठून गॅलरीत गेला. तेवढ्यात श्रुतिका संपली, थोडी खरखर झाली, आणि जातं सुरू झालं. सी-60 ची एक बाजू तीस मिनिटांची. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे बाजूला साधारण शहाऐंशी मीटर. माझी श्रुतिका तिच्यापेक्षा साडेतीन मिनिटांनी आखूड निघाली होती. माझ्या प्रतिभेची मर्यादा जगाच्या उपयोगी पडली ती एवढीच. दहा मीटर आत्या शिल्लक होती.

पण ओवी नव्हती. ओव्या संपल्यावर परातीतले उरलेले गहू ती नुसतीच दळत होती. घरघर, मूठ, जड घरघर. अगदी शेवटी, "बंद कर आता. ईज जळतीया." संपलं.

गॅलरीतून आप्पा केव्हा येऊन मागे उभा राहिला कळलं नाही. "पुन्हा लाव," तो नातवाला म्हणाला. पाच वेळा लावलं. माझ्याशी तो त्या दिवशी बोलला नाही. जेवताना मात्र त्यानं मला तूप वाढलं, आणि आमच्या घरात यापलीकडे कुणी काही बोलत नाही.

नातू कॉलेजात असल्या आवाजांची गाणी बनवतो. त्यानं ती घरघर कापली, टोकाला टोक जोडलं, आणि जातं न थांबता फिरू लागलं. रात्री अकराला माझ्यापुढे मायक्रोफोन धरून म्हणाला, "आजोबा, त्या पेटीच्या ओवीचा अर्थ तुम्हाला आठवतो ना? मग म्हणा ना याच्यावर काहीतरी. तुम्ही लिहायचात म्हणे."

मी तोंड उघडलं. काही येईना.

"हातात काहीतरी दे," मी म्हणालो.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि लॅपटॉपचा माउस माझ्या हातात दिला. मी तो मुठीत धरला आणि टेबलावर, उजवीकडून डावीकडे, गोल फिरवायला लागलो.